निळ्याशेजारचा लाल

दिवाळीच्या खरेदीत सर्वांत अवघड काम कोणते, असे मला कुणी विचारले तर मी म्हणेन, निळ्या साडीला खण निवडणे. साडी पाऊण तासात ठरते, खणाला दीड तास लागतो. दुकानदार एकामागून एक घड्या उलगडतो, शपथेवर सांगतो की हाच शोभतो. घरधनीण तो खण साडीवर ठेवते, दुकानाच्या दाराशी उजेडात नेते, डोळे बारीक करते आणि मान हलवून परत आणते. आपण पुरुष मंडळी स्टुलावर बसून जांभया देत असतो. परंतु तिला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. खणाने साडी मारता कामा नये आणि साडीत विरूनही जाता कामा नये. साडी उठून दिसावी म्हणूनच खण असतो.

नेमका हाच पेच रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत पडतो. तेथेही एक निळा ठरलेला असतो. रोग्याच्या शरीरातून घेतलेल्या बारीकशा तुकड्यात लोह असेल तर ते या निळ्या रंगाने प्रकट होते. मग त्या निळ्याशेजारी दुसरा कोणता रंग घालावयाचा? या दुसऱ्या रंगाला तेथील मंडळी 'काउंटरस्टेन' म्हणतात. आपण त्याला जोडरंग म्हणू. तो चुकला तर लोह असूनही दिसत नाही, किंवा दिसले तरी कोठे आहे ते कळत नाही. या जोडरंगाच्या निवडीचा इतिहास मी आज वाचकांना सांगणार आहे. तो बर्लिनमध्ये सुरू होतो आणि आमच्या वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीला येऊन भिडतो.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत मुलांना चित्रकला शिकविणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. विज्ञानात माझा अधिकार नाही. परंतु रंगांशी माझा रोजचा व्यवहार आहे, आणि या जोडरंगाशी माझ्या घरचे एक प्रकरण गुंतलेले आहे. ते यथाक्रम येईलच.

रक्तात लोखंड असते ही गोष्ट आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. अठराव्या शतकात ती नवलाची होती. इटलीतील बोलोन्या शहरी मेंघिनी नावाचा एक वैद्य होता. त्याने त्या शतकाच्या मध्याला रक्त आटवून, जाळून त्याची राख केली आणि त्या राखेतले कण लोहचुंबकाने उचलून दाखविले. आज आपण जाणतो की प्रौढ माणसाच्या सबंध देहात लोह असते ते तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढे. त्यातला मोठा भाग रक्ताच्या लाल पेशींत कामावर असतो. उरलेल्यातले पुष्कळसे यकृत, प्लीहा आणि हाडांच्या आतला मगज यांच्या कोठारांत साठविलेले असते. रोज शरीरात येणारे आणि बाहेर जाणारे लोह एक-दोन मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही. एवढ्याशा पुंजीवर आपला सारा श्वासोच्छ्वास चाललेला असतो.

आता निळ्याकडे वळू. सुमारे १७०६ साली बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा एक रंग करणारा गृहस्थ लाल रंग तयार करीत होता. किरमिजी किड्यांचा अर्क, हिराकस, तुरटी आणि पोटॅश ही त्याची सामग्री. किरमिजी किडा निवडुंगावर वाढतो. अंगावर पांढरा कापूस पांघरलेला हा किडा चिरडला की त्यातून गडद लाल रस निघतो. डीसबाखला त्या दिवशी लाल काही मिळाला नाही, मिळाला तो खोल निळा. कारण शोधता असे निघाले की त्याने डिप्पेल नावाच्या दुसऱ्या एका रसायनवाल्याकडून आणलेले पोटॅश शुद्ध नव्हते. डिप्पेल जनावरांच्या रक्तापासून एक औषधी तेल काढीत असे आणि ते पोटॅश त्या कामी वापरून झालेले होते. रक्ताचा अंश आणि हिराकशीतले लोखंड यांची गाठ पडली आणि 'प्रशियन ब्ल्यू' जन्माला आला.

या निळ्याची कृती काही वर्षे गुप्त राहिली. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात ती छापली गेली आणि मग हा रंग जगभर पसरला. जपानच्या होकुसाईने १८३० च्या सुमारास जी प्रचंड लाट चितारली, ती याच निळ्याने. १८४२ साली हर्शेलने याच निळ्यावर छायाचित्रणाची एक रीत बसविली, आणि पुढे इंजिनियर लोकांचे नकाशे, ज्यांना आपण ब्ल्यूप्रिंट म्हणतो, ते याच निळ्याने उमटू लागले. परंतु या रंगाचा एक गुण चित्रकारांपेक्षा वैद्यांच्या अधिक कामाचा होता. लोखंड आणि पोटॅशियम फेरोसायनाइड एकत्र आले की हा निळा हटकून उमटतो. तेव्हा जेथे लोखंडाचा संशय असेल तेथे फेरोसायनाइड टाकावे. निळा दिसला की संशय खरा.

हा खटाटोप मांसपेशींवर करून पाहणाऱ्यांत ज्याचे नाव टिकले तो जर्मनीचा माक्स पर्ल्स. १८६७ साली त्याने शरीरातल्या काही रंगद्रव्यांत लोह असल्याचे या रीतीने दाखविले. त्याला आयुष्य फार थोडे लाभले. १८४३ चा जन्म आणि १८८१ साली मृत्यू. आजही प्रयोगशाळेत 'पर्ल्स' हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारला जातो. मात्र पुष्कळ जण त्याचा 'पर्ल' करून टाकतात, आणि नवशिक्यांना वाटते की या परीक्षेत मोत्याचा काही संबंध असावा.

कृती अगदी साधी आहे. पोटॅशियम फेरोसायनाइडचे आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे सौम्य पाणी आयत्या वेळी समभाग मिसळावयाचे आणि त्यात काच बुडवावयाची. काचेवर चार-पाच मायक्रॉन जाडीचा, म्हणजे पोळीवरच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ असा, शरीराच्या तुकड्याचा काप बसविलेला असतो. आम्ल साठ्यातले लोह मोकळे करते, फेरोसायनाइड त्याला पकडते आणि निळे कण जागच्या जागी उमटतात. गंमत अशी की रक्तातल्या लाल पेशी या परीक्षेत निळ्या होत नाहीत. त्यांच्यातले लोह हीम नावाच्या कडीत इतके घट्ट अडकलेले असते की हे सौम्य आम्ल ते सोडवू शकत नाही. तीच गोष्ट हिवतापाच्या रंगद्रव्याची. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या जठरात जे काळे कण दिसले आणि ज्यांच्यावरून त्याने हिवतापाचा माग काढला, ते कणही रक्तातल्या लोहाचेच अवशेष. पण पर्ल्सच्या पाण्यात तेही काळेच राहतात. निळे होते ते केवळ कोठारातले लोह. म्हणूनच ही परीक्षा मोलाची. सूक्ष्मदर्शकाखाली शरीरातली कितीतरी द्रव्ये सारखीच तपकिरी दिसतात, आणि त्यांतले कोठारातले लोह कोणते हे ती निवडून देते.

येथवर निळ्याची गोष्ट झाली. पण नुसता निळा पुरत नाही. शरीराचा पातळ काप मुळात जवळजवळ बिनरंगी असतो. त्यावर नुसते निळे ठिपके उमटले तर रिकाम्या कागदावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे दिसते. ठिपका आहे, पण तो कोणत्या पेशीत आहे? पेशीच्या आत आहे की बाहेर? का धुताना नळाच्या पाण्यातून येऊन बसलेला गंजाचा कण आहे? घर नंबर नसलेल्या पत्रासारखी ती अवस्था होते. पत्ता लागावयाचा तर पेशी दिसल्या पाहिजेत, निदान त्यांची केंद्रके तरी दिसली पाहिजेत. त्यासाठी जोडरंग.

पेशी रंगविण्याची विद्या पर्ल्सच्या थोडी आधीच रुजली होती. १८५८ साली एर्लांगेनच्या गेरलाख याने कार्मिनच्या पातळ पाण्यात मज्जातंतूंचे काप ठेवून केंद्रके लाल करून दाखविली. हे कार्मिन म्हणजे त्याच किरमिजी किड्याचा रंग. पुढे लोहाच्या निळ्याशेजारी कार्मिनचा लाल घालू लागले. डीसबाखला जो लाल हवा होता आणि मिळाला नव्हता, तो असा दीडशे वर्षांनी आपल्या चुकून झालेल्या भावंडाशेजारी येऊन बसला.

परंतु एकच स्थळ पाहून कोणी लग्न ठरवीत नाही. प्रयोगशाळेतल्या मंडळींनीही निळ्यासाठी बरीच स्थळे पाहिली. त्यांच्या अटी चार. पहिली अट, जोडरंग निळ्याच्या गोत्रातला नसावा. दुसरी, त्याने केंद्रके नीट धरावीत. तिसरी, त्याचा आवाज हलका असावा, बारीक निळ्या कणांना त्याने झाकू नये. आणि चौथी, त्याच्यापायी निळ्याला इजा होऊ नये. प्रशियन निळा आम्लात टिकतो, पण अल्कलीत विरघळून जातो.

पहिले स्थळ हिमॅटॉक्सिलिनचे. घराणे मोठे. मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडाचा हा रंग. १८६५ साली बोह्मर याने त्याला तुरटीची जोड दिली आणि तेव्हापासून रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत त्याचेच राज्य आहे. केंद्रके धरण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पण तो त्यांना रंगवितो निळीजांभळी. म्हणजे सगोत्र! शिवाय तो खुलावा म्हणून काच अल्कलीच्या पाण्यात धुवावी लागते, म्हणजे चौथी अटही धोक्यात. लोखंडाशी त्याचे स्वतःचेही साटेलोटे आहे. लोखंडाशी तो जुळला की काळा होतो, आणि त्या काळ्याचा प्रयोगशाळेत वेगळ्या कामी उपयोगही करतात. इतक्या गुंतागुंतीच्या घरी मुलगी कोण देणार?

दुसरे स्थळ इऑसिनचे. १८७० नंतरच्या दशकात जर्मन कारखान्यात जन्मलेला हा गुलाबी रंग. नाव ग्रीकांच्या उषेवरून ठेवलेले आणि रूपही तसेच. निळ्याशेजारी तो सुंदर दिसतो. पण त्याचे मन केंद्रकांत नाही. सगळीकडे तो गुलाबी धुके पसरून देतो आणि पेशीचे घर कोठे संपले हे काही नीट सांगत नाही. तिसरे स्थळ सॅफ्रॅनिनचे. नाव केशरावरून, काम चोख, केंद्रके लालबुंद. पुष्कळ ठिकाणी त्याच्याशी सुखाचा संसार चालतो. पण हात जरा जड पडला की तो इतका मोठ्याने बोलतो की बारीक निळ्या कणांचे बोलणे ऐकू येत नाही.

चौथे स्थळ आले ते न्यूक्लियर फास्ट रेडचे. जर्मन लोक त्याला केर्नएख्टरोट म्हणतात. हा कारखान्यातला रंग, पण स्वभावाने मवाळ. शंभर भाग पाण्यात त्याचा एक दशांश भाग, आणि सोबत पाच भाग ॲल्युमिनियम सल्फेट. पाच-दहा मिनिटांत केंद्रके फिकट तांबडी होतात, पेशीचे अंग अगदी हलके गुलाबी होते आणि निळा आपल्या जागी निळाच राहतो. पाणी आम्लधर्मी, म्हणून निळ्याला इजा नाही. आज लोहाच्या परीक्षेत जगभर सर्वांत अधिक पसंती मिळते ती बहुधा यालाच.

येथे वाचकांना घेऊन मला वऱ्हाडात यावयाचे आहे. कारण या न्यूक्लियर फास्ट रेडचे कुळ शोधू गेले तर ते आपल्या ओळखीचे निघते. रसायनशास्त्र सांगते की हा रंग अँथ्राक्विनोन नावाच्या कुळातला. किरमिजी किड्याचा लाल त्याच कुळातला. मंजिष्ठाचा लाल त्याच कुळातला. आणि आलाचा लालही त्याच कुळातला.

आल म्हणजे काय, हे आता वऱ्हाडातही सांगावे लागते. एके काळी मध्यप्रांत आणि वऱ्हाडाच्या खोल काळ्या जमिनीत आलाची लागवड होत असे. पीक वरचे नव्हे, मुळांचे. दोन-तीन वर्षे झाडे वाढू द्यावयाची आणि मग जमीन खोल खणून मुळ्या काढावयाच्या. रंगारी त्या मुळ्या कुटून, कापडाला आधी तेल, हिरडा आणि तुरटी यांचे संस्कार करून, त्यात उकळीत. त्यातून जे जाडेभरडे लाल कापड निघे तो खारवा. लक्ष्मीपूजनाला व्यापाऱ्याच्या गादीवर मांडलेल्या वह्यांचे लाल पुठ्ठे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा लाल काय ते वेगळे सांगावयास नको. त्या वह्यांचा मान लालाला, आणि तो लाल मुळात आलाचा.

१८६८ साली, म्हणजे पर्ल्सने निळे कण दाखविले त्याच्या पुढच्याच वर्षी, ग्रेबे आणि लीबरमान या दोघा जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठाचा मुख्य लाल, अलिझरीन, दगडी कोळशाच्या डांबरातून तयार करून दाखविला. थोड्याच वर्षांत कारखान्याचा स्वस्त लाल बोटी भरभरून हिंदुस्थानात येऊ लागला. आलाला कोणी विचारीना. तीन वर्षे शेत अडवून मुळ्या खणीत कोण बसणार? ज्या जमिनीत आल होता तेथे कापूस आला. रंगाऱ्यांची पिढीजात विद्या त्यांच्या नांदींतच आटून गेली. हे सारे वाचताना मला वाईट वाटते. पण त्याच कारखान्यांतून पुढे प्रयोगशाळेचे रंगही निघाले, हेही विसरून चालत नाही. न्यूक्लियर फास्ट रेडला आजही ॲल्युमिनियमच्या क्षाराची सोबत लागते. आमच्या रंगाऱ्याची तुरटी ही त्याच क्षारांच्या घरातली. कापडावर लाल पक्का बसविण्याचे तिचे जे काम, तेच काम तो क्षार काचेवरच्या केंद्रकात करतो. वऱ्हाडातल्या रंगाऱ्याला सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. पण लाल रंगाला तुरटीवाचून पकड नाही, हे त्याला जर्मनांच्या कितीतरी आधी ठाऊक होते.

आता घरचे प्रकरण.

माझ्या आईला पुष्कळ वर्षांपासून सांध्यांचा आजार. सकाळी बोटे मिटत नाहीत, गुडघे सुजतात. दोनेक वर्षांपूर्वी ती फार थकू लागली. चार पावले चालली की धाप. रक्त तपासले, हिमोग्लोबिन कमी. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आमच्या भागात हे इतके सवयीचे आहे की कोणी त्याचे नवल करीत नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत शंभरी चोपन्न जणी पांडुरोगी निघाल्या. घरोघर त्या तांबड्या गोळ्यांची पाकिटे असतात. आईने त्या निष्ठेने घेतल्या. पोट बिघडले, पण रक्त काही वाढेना.

रक्तातून लोहाचा साठा अजमावण्याची फेरिटिनची परीक्षा १९७२ पासून उपलब्ध झाली आहे आणि बहुतेक ठिकाणी तिच्यावरच काम भागते. पण जेथे शरीरात दीर्घकाळ दाह चालू असतो तेथे फेरिटिन आपोआप चढते, आणि ते खरोखर साठ्यामुळे चढले की दाहामुळे, हे सांगणे कठीण होते. आईचे तसेच झाले. शेवटी तज्ज्ञांनी सुचविले की हाडातला मगज काढून त्यातच लोह पाहावे. मगजातला साठा पर्ल्सच्या निळ्याने अजमावण्याची रीत १९४८ साली रॅथ आणि फिंच या अमेरिकन डॉक्टरांनी पुढे आणली आणि पुढची कित्येक वर्षे तीच अखेरचा शब्द मानली गेली. आई आधी घाबरली. मग म्हणाली, "हाडात सुई घालून पायता त पाहा बाप्पा, पन एकदाचं काय थे सांगा."

माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी, एका मोठ्या गावी रोगनिदान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. आजीचा मगज तिच्याकडे गेला नव्हता. तो दुसरीकडे तपासला जात होता. पण अहवाल येईपर्यंतचे दिवस मला जाईनात, म्हणून मी तिच्याकडे गेलो. तिने वरिष्ठांची परवानगी काढून मला सूक्ष्मदर्शकापाशी बसविले. नवशिक्यांना दाखविण्यासाठी तिने तीन काचा करून ठेवल्या होत्या. तिन्हींवर एकाच तुकड्याचे काप, तिन्हींवर पर्ल्सचा तोच निळा, फक्त जोडरंग निराळा.

पहिल्या काचेत सारे निळेजांभळे आभाळ. "मामाजी, यात लोह किती आहे सांगा," ती म्हणाली. मला सांगता येईना. ठिपका कोणता आणि केंद्रक कोणते, हेच उमगत नव्हते. दुसरी काच लाल, कुंकवाचा करंडा सांडावा तशी. मोठे निळे पुंजके दिसत होते, त्यापलीकडे काही नाही. तिसरी काच तिने सरकविली आणि मी चष्मा काढून पुसला. फिकट तांबड्या केंद्रकांची वस्ती नीट मांडलेली दिसत होती आणि तिच्यामध्ये निळे कण, मोठे, बारीक, अगदी राईहून बारीक, एकेक मोजून घ्यावा असे.

"तिन्हींत लोह तेवढंच आहे," ती म्हणाली.

चित्रकलेचा मास्तर मी, मला एक शंका आलीच. एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी रंगचक्र शिकवितो. निळ्यासमोर नारिंगी येतो. मग जोडरंग नारिंगी का नाही? ती हसली. "मामाजी, शरीरातली बाकीची रंगद्रव्यं पिवळी-तपकिरी असतात. नारिंगीत ती बुडून जातील. निळं तर दिसलं पाहिजेच, पण जे निळं झालं नाही तेही दिसलं पाहिजे." हे उत्तर माझ्या रंगचक्रात नव्हते.

मग तिने सांगितलेली गोष्ट मला आईच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वाटली. मगजात दोन प्रकारच्या पेशींत निळे पाहावयाचे असते. एक कोठारातल्या पेशी, ज्या लोह साठवितात. दुसऱ्या लाल पेशींची पिले, ज्यांना ते लोह वापरून मोठे व्हावयाचे असते. दोन्हींत निळे नसेल तर घरात दाणा नाही, गोळ्या द्या. कोठारात निळे भरपूर आणि पिलांत मात्र नाही, तर दाणा आहे पण चुलीपर्यंत पोचत नाही, गोळ्यांनी काही होणार नाही. एका तिसऱ्या आजारात पिलांच्या केंद्रकाभोवती निळ्या कणांची माळ दिसते, तेथे लोह येऊनही कामी लागत नाही. तिन्ही ठिकाणी रक्त कमीच. औषधे मात्र वेगळी. आणि ही पेशी कोठारातली की ते पिलू, तसेच कणांची माळ केंद्रकाभोवती आहे की नाही, हे कळावयाचे तर केंद्रक स्वच्छ दिसले पाहिजे. निळा सांगतो लोह आहे. कोठे आहे, हे लाल सांगतो.

आठवड्याने आईचा अहवाल आला. कोठारातल्या पेशींत लोह भरपूर, पिलांत जवळजवळ नाही. दीर्घकाळच्या दाहात यकृत हेपसिडिन नावाचे द्रव्य अधिक सोडते आणि ते लोहाला कोठारातच कोंडून ठेवते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. या द्रव्याचा शोध २००० सालच्या आगेमागे लागला. त्यापूर्वी ही कोंडी काचेवर दिसत असे, पण कोंडणारा कोण ते कळत नव्हते. मी आईला माझ्या परीने सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हंजे कोठी भरेल हाये, पन कुलूप लागेल हाये!" डॉक्टरांनी दोन पाने लिहिली होती, आईने ती एका वाक्यात आटोपली. गोळ्या थांबल्या, सांध्यांच्या आजाराचा उपचार नीट बसविला गेला आणि चार-सहा महिन्यांत रक्त हळूहळू वर आले. आता ती अंगणात खुर्ची टाकून नातवंडांवर ओरडू शकते. आमच्या घरात तब्येतीचे हेच माप आहे.

मी हे कौतुकाने लिहितो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आमचा तालुकाही असतो. सोनाळा, टुनकीच्या वरच्या अंगाला सातपुडा सुरू होतो, कोरकू आणि भिलाला लोकांच्या वस्त्या लागतात. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची माहिती लँसेट या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात छापली. विदर्भात हा आजार किती पसरलेला आहे, हे आज सर्वांना ठाऊक आहे, आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्यासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे. या आजारातही माणूस पांढराफटक दिसतो. पण त्याच्या रक्तात कमतरता असते ती लोहाची असेलच असे नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या देहात तर प्रत्येक पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शिरते आणि ते बाहेर टाकण्याची वाट शरीराजवळ नाही. ते यकृतात साठते आणि यकृताची नासाडी करते. अशाला लोहाची गोळी देणे म्हणजे भरल्या विहिरीत पाणी ओतणे. आता यकृतातले लोह एम.आर.आय. यंत्राने बाहेरूनही मोजता येते, पण ते यंत्र सातपुड्याच्या पायथ्याशी नाही. जेथे यकृताचा तुकडा काढलाच जातो, तेथे त्याच्यावर अजूनही पर्ल्सचा निळा घालतात आणि त्याच्याशेजारी एक मवाळ लाल.

भाचीच्या टेबलावर मी आणखी एक गोष्ट पाहिली. रोग्याच्या काचेबरोबर ती दर वेळी आणखी एक काच त्याच पाण्यात बुडविते. तिच्यावरच्या तुकड्यात लोह आहे, हे आधीपासून ठाऊक असते. ही साक्षीदार काच निळी झाली नाही तर रोग्याच्या काचेवर विश्वास ठेवावयाचा नाही, पाणी नवे करावयाचे आणि सगळे पुन्हा. पाणी शुद्ध केलेलेच घ्यावयाचे, कारण साध्या पाण्यातल्या लोखंडाचेही निळे होते. धातूचा चिमटा त्या पाण्यात बुडवावयाचा नाही. मग न्यूक्लियर फास्ट रेडची बाटली गाळून घ्यावयाची, कारण तिच्या तळाशी गाळ बसतो. लाल किती मिनिटे ठेवला, हे ती वहीत लिहून ठेवते. मी निघालो तेव्हा तिच्यापुढे अकरा काचा वाळत ठेवल्या होत्या. कुणाकुणाच्या होत्या त्या मला माहीत नाही. तिने घड्याळ पाहिले, पहिली काच उचलली आणि उजेडाकडे धरून लाल जास्त तर झाला नाही ना, ते पाहू लागली.